जाऊबाईंची डबी आणि नानांचा आयएनआर

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते.

ताईंचं वय ४६, नोकरी फोर्टला. घरी नवरा, कॉलेजातला मुलगा आणि ७२ वर्षांचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात. नानांच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह सहा वर्षांपूर्वी बदललाय, धातूचा बसवलाय, त्यामुळे रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, शिवाय बीपीची. ठाण्याच्या मोठ्या जाऊबाई वर्षभरापासून चेन मार्केटिंगमधून सप्लिमेंट विकतात. गणपतीत सगळे जमले तेव्हा त्यांनी नानांना क्वेर्सेटिन नावाच्या कॅप्सूलची डबी दिली, ५०० मिलीग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ एकेक. सांगितलं की हा वनस्पतीतला नैसर्गिक रंग आहे, अँटिऑक्सिडंट आहे, कांद्यात असतो तोच, साइड इफेक्ट शून्य, आणि हळूहळू बीपीची गोळीही सुटेल. नाना खूश. दीड महिन्याने नानांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायच्या वेळेचा तपासणीतला आकडा, जो कायम पावणेतीनच्या आसपास असायचा, तो ४.२ आला. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? नवी गोळी? घरच्यांनी सांगितलं, काही नाही. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस कमी केला. घरी आल्यावर ताईंच्या डोक्यात डबी आली. आता त्या विचारतायत की नानांच्या नकळत आणि जाऊबाईंना न दुखावता ही डबी गुपचूप बंद करू का, कॅप्सूल बदलून साध्या व्हिटॅमिनच्या ठेवू का. शिवाय दोन उपप्रश्न आहेत. ताई स्वतःही तीच कॅप्सूल घेतायत, थकवा आणि पावसाळ्यातल्या सर्दीसाठी, ती चालू ठेवावी का. आणि मोठे दीर सिगरेट ओढतात म्हणून जाऊबाई त्यांना फुफ्फुसांसाठी एक केशरी कॅप्सूल देतात, ती तरी बरी आहे ना. ताजा कलम, नानांचा कांदा बंद करायचा का?

—

ताई, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, की उद्या सकाळी नानांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. तो फोन झालाय असं धरून पुढचं लिहितेय. तुमच्यासारखीच परिस्थिती असलेलं दुसरं कुणी हे वाचत असेल आणि फोन झाला नसेल, तर आधी फोन करा, लेख कुठे जात नाही.

गुपचूप बंद करायची तुमची कल्पना मला कळते, घरात शांतता हवी असते आणि गणपतीत सुरू झालेली गोष्ट दिवाळीत भांडण होऊन फुटू नये असं कुणालाही वाटेल. पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, की कॅप्सूल घेणं धोक्याचं असेल तर ती थांबवली की धोका संपला. इथे तसं नाहीये. बघा काय झालंय. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, गोळी न घेणाऱ्या माणसाचा साधारण एक असतो, धातूचा व्हॉल्व्ह असला की डॉक्टर तो मुद्दाम वर ठेवतात, दोन ते साडेतीनच्या मध्ये कुठेतरी, कुठला व्हॉल्व्ह आहे त्याप्रमाणे. वर गेला तर रक्तस्रावाची भीती, खाली आला तर व्हॉल्व्हवर गुठळी धरायची भीती आणि ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. नानांचा आकडा वर गेला म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली. आता समजा आकडा वर न्यायला कॅप्सूलचा हात होता आणि तुम्ही कॅप्सूल गुपचूप काढली, तर नानांच्या अंगात राहणार कमी केलेली गोळी आणि कॅप्सूल शून्य, म्हणजे आकडा खाली घसरायची शक्यता, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नाही. ते त्यांच्या हिशोबाने बरोबर वागतायत, फक्त हिशोबातली एक रक्कम त्यांना कुणी सांगितलेली नाही.

म्हणून आधी डॉक्टरांना सांगायचं, मग ते सांगतील त्या दिवशी बंद करायची, आणि त्यानंतर काही दिवसांत आयएनआर परत बघायचा, बहुतेक नेहमीपेक्षा लवकर लवकर एक-दोनदा. गोळीचा डोस घरच्या घरी वर-खाली करायचा नाही, हे तुम्हाला माहितीच आहे, तरी लिहिते. आणि त्या दरम्यान हिरड्यांतून रक्त, लघवी लालसर, शौचाला डांबरासारखी काळी, कारण नसताना अंगावर मोठे काळेनिळे डाग, डोक्याला मार लागला, किंवा उलट, गुठळीचं लक्षण म्हणजे तोंड एका बाजूला वाकडं, बोलणं अडखळलं, हात उचलेना, असं काहीही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

कॅप्सूलमुळेच आकडा वाढला असं मी म्हणत नाहीये हं. आयएनआर हा फार नाजूक प्राणी आहे, ताप आला, अँटिबायोटिक घेतलं, चार दिवस जेवण कमी झालं, पॅरासिटामॉल जास्त दिवस घेतली, उपासतापासात पालेभाजी एकदम बंद केली, कशानेही हलतो. क्वेर्सेटिनचं असं आहे की लिव्हरमधली जी एन्झाइम्स या गोळ्यांचा निचरा करतात त्यांना ते प्रयोगशाळेत अडवतं असं दिसलंय, माणसात किती अडवतं याचे पुरावे थोडके आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. पण जिथे दोन आणि चार या आकड्यांमध्ये माणसाचं हॉस्पिटल ठरतं तिथे 'पुरावे थोडके आहेत' याचा अर्थ घ्यायला हरकत नाही असा लावू नये. आणि अजून एक, डबीच्या मागे बारीक अक्षरात बघा, क्वेर्सेटिनच्या जोडीला ब्रोमेलेन लिहिलंय का. बऱ्याच कंपन्या शोषण वाढतं म्हणून ते घालतात. ते अननसातलं एन्झाइम, आणि त्याने रक्तस्रावाकडे कल वाढू शकतो म्हणून रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्यांनी ते टाळायचं असतं. डबीचा पुढून-मागून फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, नुसतं नाव सांगू नका.

आता मला जे खरं बोलायचंय ते. डॉक्टरांनी विचारलं, नवी गोळी? आणि तुम्ही, तुमचे मिस्टर, नाना, तिघांनीही सांगितलं नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्हाला खरंच आठवलं नाही, कारण ती डबी तुमच्या घरात औषधांच्या डब्यात नव्हतीच, ती डायनिंग टेबलवर लोणच्याच्या बरणीशेजारी होती, हे तुम्हीच लिहिलंय. मी दादरला केमिस्टच्या काउंटरमागे तीस वर्षं उभी होते. 'आणखी काही चालू आहे का' विचारलं की उत्तर येतं, नाही हो. मग मी विचारायची, काढा? चूर्ण? गुडघ्याचं काही? लेकीने अमेरिकेहून आणलेली बाटली? शेजारणीने दिलेला पाला? की मग एकेक बाहेर यायला लागायचं आणि कधीकधी ती यादी प्रिस्क्रिप्शनपेक्षा लांब व्हायची. 'नैसर्गिक' या शब्दाने कॅप्सूल सुरक्षित होते की नाही माहीत नाही, पण ती डॉक्टरांपासून लपते हे नक्की. नानांची रक्त पातळ करायची गोळी ज्या जातीची आहे ती जात कशी सापडली माहितीये? अमेरिकेत आणि कॅनडात सडलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, त्या गवतात काय आहे हे शोधताना. म्हणजे ती पण वनस्पतीतूनच आलीये.

क्वेर्सेटिन म्हणजे काय ते तरी बघू, कारण तुमच्या जाऊबाईंनी सांगितलेलं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असलेल्या गोष्टीच जास्त विकल्या जातात. ते खरोखर झाडांतलं पिवळं रंगद्रव्य आहे. नाव ओक झाडाच्या लॅटिन नावावरून पडलंय, आपल्याकडे ओक कुठला, पण कांद्याची सालं आहेत. सालं पाण्यात उकळून त्यात सुती कापड टाकलं की पिवळसर-तपकिरी रंग चढतो, त्यात मोठा वाटा याचाच. लाल कांद्याचा जांभळा रंग वेगळ्या द्रव्याचा असतो. सफरचंद, चहा, बेरी, शेवग्याचा पाला यातही असतं. १९३६ च्या सुमाराला सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने, ज्यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, या कुळातल्या द्रव्यांना 'व्हिटॅमिन पी' म्हटलं होतं, मग लक्षात आलं की ते न मिळाल्याने कुणाला ठरावीक असा आजार होत नाही, तेव्हा तो किताब काढून घेतला. म्हणजे क्वेर्सेटिन कमी पडलं म्हणून कुणी आजारी पडत नाही, 'तुमच्या शरीरात याची कमतरता आहे' असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

'कांद्यात असतं तेच' हे वाक्य जरा तोलून बघा. शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात साधारण २० ते ४० मिलीग्रॅम असतं. नानांची एक कॅप्सूल ५०० ची, म्हणजे सव्वा ते अडीच किलो कांदा, आणि दिवसाला दोन, म्हणजे अडीच ते पाच किलो. नाना कितीही कांदाप्रेमी असले तरी पाच किलो कांदा रोज खाऊन मुलुंडमध्ये कुणी त्यांच्या शेजारी बसणार नाही. गंमत पुढे आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन साखरेच्या रेणूला जोडलेलं असतं आणि ते आतड्यातून बरं शोषलं जातं, नेदरलँड्समध्ये १९९५ साली मोजलेलं आहे, कांद्यातलं निम्म्याच्या आसपास शोषलं गेलं आणि सुटं शुद्ध क्वेर्सेटिन पावभागाच्या आसपास. म्हणजे कांदा हे काही कॅप्सूलचं गरीब भावंड नाही. उलट नवीन काही कॅप्सूल अशा बनवतात, फायटोसोम म्हणून लिहिलेलं असतं, की त्या कितीतरी जास्त शोषल्या जातात, त्यामुळे दोन वेगळ्या डब्यांवरचे मिलीग्रॅम एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो.

बीपीचं म्हणाल तर अगदीच थाप नाहीये. २०१६ मध्ये सात चाचण्या आणि ५८७ माणसं एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात वरचं बीपी सरासरी तीन पॉइंट आणि खालचं अडीचच्या थोडं वर, इतकं उतरलं, आणि ते दिवसाला ५०० मिलीग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांत. तीन पॉइंट. जेवणातलं पापड-लोणचं कमी केलं तरी तेवढं उतरू शकतं. यावर बीपीची गोळी सुटेल म्हणणं म्हणजे छत्रीला रेनकोट म्हणून अंधेरीच्या तुंबलेल्या सबवेत उतरण्यासारखं आहे. उलट गोळी चालू असताना वरून हे घेतलं तर बीपी जरा जास्त उतरून चक्कर यायची शक्यता, म्हाताऱ्या माणसाला ती पडण्याची चक्कर, आणि रक्त पातळ असताना पडणं. नानांनी बीपीची गोळी मनानेच कमी केलेली नाही ना, तेवढं प्रेमाने विचारून घ्या. पत्रात तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही आणि म्हणून मला ते सारखं खटकतंय.

दिरांच्या केशरी कॅप्सूलबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, जणू ती सगळ्यात निरुपद्रवी. मला ती सगळ्यात जास्त नको वाटते. आधी डबीवर काय लिहिलंय ते वाचा. बीटा कॅरोटीन असेल, गाजराचा रंग, तर हे ऐका. १९८० च्या दशकात सगळ्यांना वाटायचं की फळं-भाज्या खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो म्हणजे त्यातलं अँटिऑक्सिडंट काढून गोळी केली की झालं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणारे पुरुष घेतले, काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, पाच ते आठ वर्षं, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती, सिगरेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून अठरा हजारांवर लोक, बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए, ती १९९६ मध्ये ठरलेल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, तिथे आकडा २८ टक्के होता. नंतर डोळ्यांसाठीच्या एका प्रसिद्ध फॉर्म्युल्यातून पण बीटा कॅरोटीन काढून त्याजागी ल्युटीन घातलं ते याच काळजीने. गाजर खाऊन असं होत नाही, हे गोळीतल्या डोसचं आणि सिगरेटच्या धुरात भिजलेल्या फुफ्फुसाचं मिळून काहीतरी आहे. त्यामुळे डबीवर बीटा कॅरोटीन असेल तर दिरांनी ती आजच बंद करावी, इथे आयएनआरसारखी भानगड नाही, एकदम बंद केली तरी चालतं. आणि फुफ्फुसांसाठी काही द्यायचंच असेल तर सिगरेट सोडायला मदत द्या, बीएमसीच्या दवाखान्यापासून मोठ्या हॉस्पिटलांपर्यंत त्यासाठी लोक आहेत, निकोटीनचं च्युइंगगम केमिस्टकडे मिळतं.

मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्राच्या तळाशी हे एकच गृहीतक आहे, की अँटिऑक्सिडंट म्हणजे गंज काढणारं काहीतरी, जितकं जास्त तितकं स्वच्छ. शरीर पितळेचा तांब्या नाहीये, पितांबरीने घासला की झालं. त्याच ऑक्सिडेशनचा, म्हणजे या गंजण्याच्या क्रियेचा, वापर आपल्या पेशी जंतू मारायला, खराब पेशी संपवायला करतात. क्वेर्सेटिनच्याच बाबतीत प्रयोगशाळेत जंतूंवरच्या एका चाचणीत ते जनुकांमध्ये बदल घडवतं असं दिसलं होतं, म्हणून कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तपासलं आणि १९९९ मध्ये सांगितलं की माणसात कॅन्सर करतं असं वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण 'अमृत' म्हणायचंही कारण नाही.

आता तुम्ही. ४६ वर्षं, सकाळी पाचला उठून तीन डबे, मुलुंडहून सीएसएमटी उभ्याने, संध्याकाळी परत, आणि थकवा येतो म्हणून कॅप्सूल. ताई, थकवा यायलाच हवा, पण तरी एकदा हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि शुगर बघून घ्या, पाळी जास्त जाते असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनसुद्धा, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. आणि यात एक गोम आहे, क्वेर्सेटिन लोहाला धरून ठेवतं, उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने लोहाचं शोषण कमी झालेलं आहे. चहाचं तर माणसातच सिद्ध झालंय. म्हणजे थकवा लोह कमी असल्यामुळे असेल तर त्याच्यासाठी घेतलेली कॅप्सूल उलट आड येऊ शकते. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला, फुकटातला उपाय आहे.

सर्दीबद्दल अमेरिकेत एक बरी मोठी चाचणी झाली होती, १००२ माणसं, बारा आठवडे, काहींना ५००, काहींना १००० मिलीग्रॅम, काहींना आत औषध नसलेली नुसतीच कॅप्सूल. एकूण सगळ्यांचा हिशोब केला तर सर्दी-खोकल्यात फरक नाही. फक्त चाळिशीच्या पुढचे आणि स्वतःला फिट म्हणवणारे, आणि तेही १००० वाले, यांच्यात आजारपणाचे दिवस कमी निघाले. तुम्ही चाळिशीच्या पुढच्या आहात, फिट आहात का ते तुम्हीच ठरवा, पण असा मागाहून शोधलेला गट म्हणजे लॉटरीचं तिकीट निकालानंतर निवडण्यासारखं असतं, त्यावर मी दर महिन्याला अठराशे रुपये लावणार नाही. त्याऐवजी तुम्ही पत्रात लिहिलेल्या बेडरूमच्या त्या ओल आलेल्या भिंतीकडे बघा, दर जुलैत सुरू होऊन ऑक्टोबरात जाणारी सर्दी बुरशीची ॲलर्जी असू शकते, सोसायटीला गळतीचं पत्र देऊन ठेवा.

तुम्हाला घेतल्यावर डोकं दुखतं का, हातापायाला मुंग्या येतात का, हे ठाऊक असलेले त्रास आहेत. तुम्हाला दुसरं औषध चालू नाही, त्यामुळे आतापर्यंत घेतलं म्हणून धास्ती घेऊ नका, दिवसाला एक ग्रॅमपर्यंत आणि बारा आठवड्यांपर्यंत चाचण्यांमध्ये लोकांनी घेतलंय आणि मोठं काही झालेलं नाही. त्यापुढे वर्षानुवर्षं घेतल्याची माहिती तोकडी आहे. डबी संपली की नवी आणू नका, इतकंच.

बाकी वाचकांसाठी पण सांगते, कारण या विषयावर मला दर महिन्याला पत्रं येतात. रक्त पातळ करायची गोळी, किडनी ट्रान्सप्लांटनंतरची सायक्लोस्पोरिन, ज्याची रक्तातली पातळी क्वेर्सेटिनने वाढलेली माणसांत दिसलीय, किडनीचा आजार, केमो चालू, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, असं असलेल्यांनी डॉक्टरांच्या होकाराशिवाय क्वेर्सेटिनला हात लावू नये. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तेवढे दिवस बंद ठेवावं. डायबिटीसवाल्यांनी शुगर जास्त वेळा बघावी. ऑपरेशन किंवा दाताची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी लायसन्स नंबर हवा आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना हवी, ती तिथे कायद्याने असते, ती वाचा आणि मग विकणारा काय म्हणतोय ते ऐका. 'ब्लेंड' म्हणून दहा नावं एकत्र आणि प्रत्येकाचे मिलीग्रॅम गुलदस्त्यात असतील तर ठेवून द्या. झिंकही घातलेलं असतं, कोविडनंतर तर फारच, ते दुसऱ्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही असेल तर दोन्ही मिळून दिवसाला ४० मिलीग्रॅमच्या वर जात नाही ना बघा, कारण जास्त दिवस जास्त झिंक घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं. आणि काही त्रास झालाच तर तो कळवता येतो, केईएमसारख्या मेडिकल कॉलेजांत औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची केंद्रं आहेत.

राहिल्या जाऊबाई. तुम्ही चार पानांपैकी जवळजवळ दोन पानं त्यांच्यावर लिहिलीत, आणि त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एक वाक्य, की दिरांची कंपनी बंद पडल्यापासून त्या हे करतायत आणि घरात चाळीस हजारांचा माल पडलाय. त्यांना नानांचं वाईट करायचं नव्हतं, त्यांना मीटिंगमध्ये जे पाठ करून घेतलं ते त्या म्हणाल्या, आणि बहुतेक त्यांचा त्यावर मनापासून विश्वास आहे, स्वतःच्या नवऱ्यालाही देतायत ना. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून त्यांना खोटं पाडू नका. नानांच्या बाबतीत बोलायचं काम डॉक्टरांवर सोपवा, पुढच्या व्हिजिटला तुमच्या मिस्टरांनी मोठ्या भावाला बरोबर न्यावं, डबी पिशवीत घालून. डॉक्टरांच्या तोंडून 'नानांना हे चालणार नाही' आलं की तुम्ही वाईट ठरत नाही आणि जाऊबाईही नाही. नानांपासून काही लपवू नका, वय ७२ आहे, खुळे नाहीत ते, त्यांचा आकडा त्यांना समजावून सांगा, स्वतःच्या आयएनआरची वही ते स्वतः लिहितात असं तुम्हीच म्हणताय.

मग एखाद्या रविवारी ठाण्याला जा, दोघीच बसा आणि केशरी कॅप्सूलचं सांगा, 'भाऊजींच्या सिगरेटची काळजी वाटते' इथून सुरू करून. मालाचंही विचारा. २०२१ पासून डायरेक्ट सेलिंगचे सरकारी नियम आहेत, कंपनीने विक्रेत्याला ठरावीक मुदतीत बाहेर पडून पैसे परत घ्यायची सोय द्यावी लागते आणि नुसती माणसं जोडण्याचे पैसे देणाऱ्या साखळीला बंदी आहे. करारपत्र काढायला सांगा, मुदत आणि माल परत घेण्याची अट दोघी मिळून वाचा. 'बीपी बरं करतं, शुगर बरी करतं' असं त्या व्हॉट्सॲप स्टेटसला टाकत असतील तर तेही काढायला सांगा, या आजारांच्या औषधांच्या तशा जाहिराती करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे आणि उद्या कुणी तक्रार केली तर नाव त्यांचं येईल, वरच्या लायनीतल्याचं नाही. आणि तुम्हाला त्यांच्याकडून काही घ्यायचंच असेल तर त्यांच्या यादीत टूथपेस्ट आणि भांड्याचा साबणही असेल, तो घ्या, दर महिन्याला घ्या.

ताजा कलमाचं उत्तर. कांदा बंद करू नका. रोजचा एखादा कांदा, पोह्यांतला, भाजीतला, जेवताना कच्चा, याने नानांना काही होणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाचं खाणं रोज साधारण सारखं असावं लागतं, एक आठवडा मेथी-पालक आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं नको, एवढंच पथ्य. बरेच लोक कांदा उकळून पाणी टाकतात तेव्हा क्वेर्सेटिन पाण्याबरोबर जातं, आणि साल सोलताना आपण वरचे दोन जाड पापुद्रेही काढून टाकतो, ज्यात ते सगळ्यात जास्त असतं. कोरडी साल तेवढी काढा, बुक्कीने फोडा आणि नानांना पिठलं-भाकरीबरोबर द्या.